एकास पस्तीसचा रस्ता

स्केल मॉडेलच्या कुठल्याही प्रदर्शनात रणगाडे आणि ट्रक बघत हिंडलं की एक गोष्ट खटकत राहते. गाडी अप्रतिम असते. चाकाच्या खोबणीतला सुकलेला चिखल, धुराड्यावरचा गंज, दाराच्या कडेला हात लागून उडालेला रंग, सगळं जीव ओतून केलेलं. आणि ही गाडी ज्या रस्त्यावर उभी असते, तो असतो राखाडी रंग फासलेला सपाट तुकडा. गाडीवर तीन महिने आणि रस्त्यावर एक संध्याकाळ गेलेली असते. बघणाऱ्याला चूक बोट ठेवून दाखवता येणार नाही, पण गाडी रस्त्यावर उभी नसून कुणीतरी तिथे आणून ठेवली आहे, हे त्याच्या डोळ्याला पहिल्या क्षणी कळतं.

डायोरामाचा रस्ता करायला बसलेल्या माणसाने रंगाच्या बाटल्या उघडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. या रस्त्यावर पाणी पडलं, तर ते कुठून कुठे जाईल? रस्त्याचा उंचसखलपणा, गटाराची जागा, शेवाळ कुठे धरेल, धूळ कुठे साचेल, भिंतीवर ओघळ कुठे उतरतील, जोतं किती उंच असेल, या सगळ्याची उत्तरं त्या एका उत्तरातून निघतात. ते ठरलेलं नसेल तर तुम्ही डाग देता. ते ठरलेलं असेल तर प्रत्येक डागाला कारण असतं.

साधा हिशेब बघा. शहरातला रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. हा उतार चाळीसास एक धरला, तर सहा मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटीमीटर वर येतो. एकास पस्तीसच्या प्रमाणात हे जेमतेम दोन मिलिमीटर. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. पण दोन मिलिमीटरने उजेड बदलतो. कडेला उभी केलेली गाडी किंचित कलते, तिची एक बाजू खाली जाते आणि तिला वजन येतं. पदपथाची कड पंधरा सेंटीमीटर उंच असेल तर मॉडेलमध्ये ती सव्वाचार मिलिमीटर. जिन्याची एक पायरी पाच मिलिमीटर. सात फुटी दार साठ मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातून बाहेर येणारा माणूस अठ्ठेचाळीस. हे आकडे मी टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून ठेवले आहेत, कारण डोळ्याचा अंदाज हमखास मोठ्याकडे झुकतो. पायरी आठ मिलिमीटरची झाली, तर त्या घरातल्या म्हातारीला रोज जवळजवळ फूटभर उंचीच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

एकास पस्तीस हा आकडा आला कुठून? एकास बहात्तरमागे इंग्रजी मोजमाप आहे: सहा फुटांना एक इंच. एकास पस्तीसमागे असं काही सोयीचं गणित नाही. जपानच्या टामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं चालतं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढं कवच केलं आणि मागाहून मोजलं, तर ते साधारण पस्तीस पटींनी लहान भरलं. बॅटरीच्या आकारावरून ठरलेलं हे प्रमाण पुढे सैनिकी मॉडेलांचं जागतिक माप झालं. नंतर अमेरिकेतल्या शेपर्ड पेन यांनी या छंदाला गोष्ट सांगायला शिकवलं. डायोरामा कसा बांधावा यावरचं त्यांचं १९८० सालचं पुस्तक आजही मॉडेलवाल्यांच्या कपाटात असतं. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी पडक्या भिंती आणि ढिगारे यांचं वेड लावलं. तेव्हापासून जगभर हजारो टेबलांवर एकच गाव पुन्हापुन्हा उभं राहतं: १९४४चा उन्हाळा, नॉर्मंडी, कोपऱ्यावरचं कोसळलेलं दुकान, समोर रणगाडा. युक्रेनच्या मिनीआर्टसारख्या कंपन्या तर अशा रस्त्याचे तयार भाग प्लास्टिकमध्ये विकतात.

नॉर्मंडीसारखे त्याच १९४४ साली मुंबईतही रस्ते उद्ध्वस्त झाले होते. ते मात्र कुणी करत नाही. म्हणून मी सध्या जो रस्ता बांधतो आहे, तो मांडवी–मशीद बंदर भागातला आणि तारीख १४ एप्रिल १९४४ची आहे.

त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज धक्क्याला लागलेलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा. त्याच पोटात कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी, शिवाय लाकूड, तेलाची पिंपं आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या लगडी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पाण्याचे पंप लावूनही कापूस विझेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पेटलेला कापूस आकाशातून गोदीमागच्या वस्तीवर पडला. लाकडी सज्जांच्या, कौलारू इमारती पेटल्या, गोदामांतलं हजारो टन धान्य गेलं. मृतांचे आकडे आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितले जातात. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्यांच्यासाठी. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे इथल्या बातमीदारांना सविस्तर वृत्त धाडायची मुभा मे महिना उजाडल्यावर मिळाली.

यामुळे मॉडेल करणाऱ्याची मोठी अडचण होते. नॉर्मंडीच्या प्रत्येक चौकाचे फोटो मिळतात. मांडवीच्या गल्ल्यांचे फार थोडे. म्हणून माझी गल्ली नेमकी कुठली, हे मी सांगत नाही. जिचा फोटो समोर नाही तिला खऱ्या गल्लीचं नाव देणं मला पटत नाही. त्या भागातली इमारत कशी बांधली जाई, दगड कुठला वापरत, कौल केवढं असे, हे मात्र आजही उभ्या असलेल्या इमारतींवरून मोजता येतं. मॉडेलवाल्याच्या पिशवीत मोजपट्टी असलीच पाहिजे.

दगडापासून सुरुवात करतो. गोदीभोवतीच्या रस्त्यांवर काळ्या दगडाची फरसबंदी असे. घडीव दगडांच्या ओळी वाहतुकीला आडव्या बसवत. त्यामुळे बैलाच्या खुराला सांध्याची पकड मिळते आणि चाक सांध्यात अडकून घसटत नाही. मॉडेलमध्ये एक दगड तीन मिलिमीटर बाय पाच-सहा मिलिमीटर. यासाठी साधा थर्मोकोल चालत नाही, त्याचे मणी सुटतात. इमारतींच्या उष्णतारोधनासाठी मिळणारा दाट, बारीक पोताचा फोमचा पत्रा लागतो. तो उतारानुसार घासून मधला उंचवटा काढायचा आणि मग रिकाम्या बॉलपेनने एकेक ओळ दाबत जायचं. ओळी आखण्यापुरती पट्टी चालते, दगड मात्र हाताने वेगळे करायचे, कारण पाथरवटाच्या छिन्नीचे दोन दगड कधी एकसारखे नव्हते. नंतर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळलेला बोळा वरून हलकेच दाबला की दगडाचा खडबडीतपणा उतरतो. अधूनमधून एखादा दगड बोटाने खाली दाबायचा. खाली दबलेल्या दगडात पाणी साठतं, तिथली माती काळी होते. एवढा एक दगडही पुढे रंगकामात उपयोगी पडतो.

ट्रामचे रूळ घ्यावेत की नाही, यावर मी बराच विचार केला. मुंबईत ट्राम १८७४ साली घोड्यांनी ओढली जाऊ लागली, १९०७ला विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ला बंद झाली. रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये एक्केचाळीस. रूळ दिसायला देखणे असतात आणि रस्त्याला लगेच मुंबईपण देतात. तरी मी ते टाळले. गोदामांच्या अरुंद गल्लीत ट्राम नव्हती आणि केवळ ओळख पटावी म्हणून तिथे ट्राम घालणं म्हणजे बघणाऱ्याशी लबाडी. तिथे होत्या बैलगाड्या. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, सगळा माल त्यांवरून जायचा. लाकडी चाकावरची लोखंडी धाव वर्षानुवर्षं त्याच दोन पट्ट्यांत फिरून दगड गुळगुळीत करते. म्हणून माझ्या रस्त्यावर दोन अस्पष्ट पट्टे आहेत. रंग इतर दगडांचाच, फक्त चमक जराशी जास्त. बहुतेकांच्या ते लक्षात येणार नाहीत, पण ते नसतील तर या रस्त्यावरून कुणी कधी गेलंच नाही, असं वाटेल.

काळा दगड काळ्या रंगाने रंगवायचा नसतो. मोठी वस्तू लांबून पाहताना मधली हवा तिचा रंग फिका करते. लहान मॉडेल आपण जवळून बघतो, म्हणून तो फिकेपणा रंगातच मिसळावा लागतो. मी निळसर करड्यापासून सुरुवात करतो. एखादा दगड तपकिरीकडे झुकलेला, एखादा हिरवटाकडे. मग तैलरंग पातळ करून सांध्यांत सोडायचा आणि सुकल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंच कडा उजळायच्या. व्हर्लिंडेन यांच्या काळी हा कोरडा कुंचला इतका चालला, की सगळी मॉडेलं पिठात लोळल्यासारखी दिसू लागली. जिथे पाऊल आणि चाक लागतं तिथेच तो फिरवावा. भिंतीलगतच्या दगडावर कोण चालतं?

रस्त्यावरची माती हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे. समुद्राची वाळू आणून टाकणारे खूप आहेत. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण या प्रमाणात पावणेदोन सेंटीमीटरची खडी होतो. धूळ हवी असेल तर माती वस्त्रगाळ करावी लागते, जुन्या सुती धोतराच्या तुकड्यातून. आपल्या घरात असलेल्या वस्तू इथे फार कामाला येतात. परदेशी डबीतून गंजाच्या रंगाची भुकटी म्हणून जी महाग विकली जाते, तिचं आणि आपल्या गेरूचं मूळ द्रव्य एकच, लोहाचं ऑक्साइड. चुलीची राख चाळली की जळक्या घराची राख होते. चहाचा चोथा धुऊन वाळवला की गल्लीच्या कडेचा कुजका कचरा. तांदळाचा दाणा एकास पस्तीसमध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा होतो, तेव्हा फुटलेल्या पोत्यातून सांडलेले तांदूळ दाखवायला बारीक चाळलेली रांगोळी पुरते. कापूस मात्र कापसाने दाखवता येत नाही. खरा तंतू या मापात दोऱ्याएवढा जाड दिसतो. तो कात्रीने कापून कापून पूड करावी लागते.

ढिगाऱ्याचा रंग भिंतीतून येतो, हा नियम फार मोलाचा आहे. नॉर्मंडीतलं कां शहर ज्या दगडाने बांधलं, तो फिकट पिवळसर चुनखडीचा; १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तोच दगड तिकडे नेऊन लंडनच्या टॉवरमध्ये आणि कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये बसवला. म्हणून तिथल्या पडझडीची धूळ सायीच्या रंगाची असायला हवी. तरी मॉडेलांमध्ये तिथे विटकरी धूळ उडालेली दिसते, कारण बाजारात विटांच्या ढिगाऱ्याची पाकिटं मिळतात. माझ्या गल्लीत वीट आहे, चुन्याचा गिलावा आहे, सागवानी खांब आहेत आणि मंगळुरी कौलं आहेत, एकेक कौल बारा मिलिमीटर लांब. तोफगोळ्याने पडलेलं घर आणि आगीत गेलेलं घर यांतही फरक असतो. तोफगोळा भिंत फोडून रस्त्यावर ढीग करतो. आग वासे खाते. वासे गेले की कौलं घराच्या आत कोसळतात आणि भिंती उभ्या राहतात. काजळी खिडकीच्या खाली नसते. चौकटीच्या वर पसरते, कारण ज्वाळा बाहेर पडून वर चढते. स्फोटाच्या हादऱ्याने फुटलेल्या काचांसाठी मी सूक्ष्मदर्शकाच्या कव्हर स्लिपा फोडतो. त्यांची जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर, म्हणजे पस्तीस पटींनी पाच मिलिमीटर. जाड तावदानाच्या काचेला हे माप बरोबर लागू पडतं. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

पडलेली माणसं मी दाखवणार नाही. हातगाडीवर भांडी, ट्रंक आणि शिवणयंत्र लादून निघालेलं कुटुंब आहे, उलट दिशेने पाइप ओढणारे दोन जवान आहेत. त्या संध्याकाळी माणसं मोठ्या संख्येने मेली, त्यांच्या नातवंडांची घरं अजून याच शहरात आहेत. टेबलावरच्या दीड वीत जागेत मृतदेह मांडण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही.

रस्त्याची एवढी उस्तवार करणारा मी पहिला नाही. प्रागच्या क्लेमेंटिनममधल्या विद्यापीठ ग्रंथालयात काम करणाऱ्या आंतोनीन लांगवाइल याने १८२६ साली शहरात आलेलं पॅरिसचं मॉडेल पाहिलं आणि आपलं गाव पुठ्ठ्यात उभं करायचं ठरवलं. त्याच्या चार वर्षं आधी, १८२२ला, पॅरिसमध्ये चित्रकार दागेरने रंगवलेल्या प्रचंड पडद्यांवर उजेड खेळवून ‘डायोरामा’ नावाचा खेळ सुरू केला होता, शब्द तिथला. पण आज आपण ज्याला डायोरामा म्हणतो, त्याचा आत्मा मला लांगवाइलच्या पुठ्ठ्यात दिसतो. त्याने अकरा वर्षं, १८३७ साली मृत्यू येईपर्यंत, एकास चारशे ऐंशी या प्रमाणात दोन हजारांहून अधिक इमारती केल्या. गल्लीगल्लीतून फिरून दर्शनी भाग टिपले. दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या लाकडाच्या राशी आणि फुटक्या खिडक्यासुद्धा. फुटकी खिडकी नीट करून दाखवायचा मोह त्याने टाळला. पुढे शतकाच्या अखेरीस प्रागची जुनी ज्यू वस्ती शहर सुधारण्याच्या नावाखाली बहुतांश पाडली गेली. आज ती कशी होती हे पाहायचं तर संशोधक या पुठ्ठ्याच्या गल्ल्यांकडे जातात. काम अपुरं राहिलं, तरी सुमारे वीस चौरस मीटरचं ते शहर प्रागच्या संग्रहालयात आहे.

आपल्याकडे हातांत कसब कमी नाही. गणपतीचे देखावे करणारे कारागीर तापल्या तारेने थर्मोकोलमधून महाल कापत आले. २०१८च्या बंदीनंतर तेच पुठ्ठा, कापड आणि कागदाच्या लगद्याकडे वळले. दिवाळीत किल्ला करणाऱ्या पोरांना पाण्याची जाणही असते: माती फार भिजली की बुरूज बसतो, अळीव पेरल्यावर पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. किल्ल्यावरचा मावळा दरवाजाहून उंच असतो आणि तो तसाच असावा, कारण तिथे मावळाच मोठा आहे. पुण्यात कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात गाड्यांभोवती अख्खं शहर उभं केलेलं आहे, दिव्याच्या खांबांपासून उड्डाणपुलापर्यंत. एवढी परंपरा असताना आपल्या स्वतःच्या रस्त्यांची मॉडेलं जवळपास नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गिरगावातली चाळ, सोलापूरच्या गिरणीसमोरचा रस्ता, कोल्हापूरची गुजरी, यांची मोजमापं घ्यायला आज लागतात तासभर आणि मोजपट्टी. पाडकाम झाल्यावर ती घेता येत नाहीत.

आता पाण्याकडे येतो. एप्रिलमध्ये मुंबईत पाऊस नसतो. गटारं कोरडी, सांध्यांत पावसाळ्यानंतरचं शेवाळ वाळून काळं पडलेलं. म्हणजे त्या दिवशी माझ्या रस्त्यावर जे पाणी आहे, ते फक्त बंबाचं. त्या काळातले कॅनव्हासचे पाइप दाब आला की अंगभर पाझरत. म्हणून पाइप जिथून गेला आहे, तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना ओलीची पट्टी हवी. जोडाच्या पितळी तोंडाशी जास्त. तिथून ओघळ उताराने कडेला आणि कडेने गटाराच्या जाळीकडे. इथे तो दोन मिलिमीटरचा उंचवटा कामाला आला: ओघळ कुठे न्यायचा, हे मला ठरवावं लागलंच नाही.

खरं पाणी मात्र मॉडेलमध्ये चालत नाही, कारण पाण्याचा पृष्ठताण लहान होत नाही. चार मिलिमीटरचा खरा थेंब या प्रमाणात चौदा सेंटीमीटरचा फुगा दिसतो. म्हणून पाणी दोन पायऱ्यांत करायचं. आधी ओल: दगडाचा रंग दोन छटांनी गडद करायचा, कारण दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी शिरलं की आत गेलेला उजेड कमी परततो. ही गडद जागा पाण्यापेक्षा रुंद असते, कडेला विरत जाणारी. ती सुकली की तिच्या आत, थोड्या लहान जागेत, चकचकीत वार्निशचे पातळ हात. चकाकी गडद जागेच्या कडेपर्यंत नेली तर पाणी सांडलेल्या काचेसारखं दिसतं. डबकं खोल असेल तर रेझिन, एका वेळी दीड-दोन मिलिमीटरहून जाड नाही. ते भिंतीवर चढू पाहतं, म्हणून भिंतीच्या पायथ्याला आधी मंद वार्निशचा हात मारून ठेवायचा आणि चढलंच तर सुकल्यावर तेवढी कड घासून पुन्हा मंद करायची.

माझ्या गल्लीत जाळीच्या तोंडाशी राख, कापसाची जळकी पूड आणि तांदूळ यांचा गाळ अडकलेला आहे. जाळी तुंबली की पाणी मागे सरतं, त्यामुळे डबकं जाळीवर नाही. जाळीच्या वरच्या अंगाला, कडेच्या दगडाला टेकून आहे. त्यात राखेचा पातळ तवंग हवा. तो रेझिन अर्धवट घट्ट झाल्यावर, साधारण चार-पाच तासांनी, कुंचल्यावरून टिचकी मारून सोडायचा. आधी सोडला तर बुडतो, उशीर झाला तर वर धुळीसारखा बसतो. डबक्याची एक बाजू तळाच्या कडेपर्यंत जाते आणि तिथे कापली जाते, कारण पाणी पुढच्या गल्लीतही गेलं असणारच. त्या कडेला पारदर्शक टेप ताणून लावायची, खालून फेव्हिकॉलने सांधा बुजवायचा आणि रेझिन ओतल्यावर चोवीस तास तिला हात लावायचा नाही.